मांडव उतरेपर्यंत

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात सहीपलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही, आणि मी स्वतः आजवर लिहिलेला सगळ्यात मोठा मजकूर परीक्षेच्या पेपरातलाच आहे. मराठीच्या सरांनी कॉलेजच्या अंकासाठी काही तरी दे म्हणून सांगितलं. मी म्हणालो, सर, मी कुठं गेलोच नाही. सर म्हणाले, "मुंबईकडं बारा दिवस होतास ना?" मी म्हणालो, मुंबई एकच दिवस पाहिली, बाकीचे दिवस विरारच्या पूर्वेला एका चाळीस घरांच्या गावात काढले, तिथं बघण्यासारखं काही नाही. सर म्हणाले, "मग तेच लिही."

म्हणून लिहितो आहे. त्या भागाची माहिती असलेल्यांनी चुका पोटात घालाव्यात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. चांदीपच्या रस्त्याला आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. त्या माणसांवर मी खूप चिडलो होतो, आणि खरं सांगायचं तर अजून सगळा राग गेलेला नाही.

जाण्याचं कारण असं. मार्चमध्ये मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली आणि मुंबईतल्या एका कॉलेजात ग्रंथपालाच्या वर्षभराच्या कोर्सला अर्ज केला. मुलाखतीचं पत्र मेच्या मध्याला येणार होतं. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढं. आमच्याकडं पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो. मुंबईचं पत्र पोचून मी मुंबईला पोचेपर्यंत मुलाखत होऊन जायची, ही भीती. माझे चुलतमामा शंकर गुरुजी त्या विरारकडच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. ते म्हणाले, "माझा पत्ता घाल. मुंबईला लागूनच आहे. पत्र हातात पडलं की तासाभरात मुलाखतीला."

वडिलांनी जाऊ दिलं, पण मुदत घालून. साखर कारखान्यात चिटबॉयची जागा चुलत्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवली होती. चिटबॉय म्हणजे उसाच्या फडांच्या नोंदी ठेवणारा. वडील म्हणाले, "तुझं मुंबईचं काय ते एकतीस तारखेपर्यंत बघ. एक जूनला कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं. त्यात बदल नाही." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं त्यांनी मला शिकवलं, शेजारीपाजारी हसत असताना. पण मला ते पत्र हवं होतं. त्या बारा दिवसांत मला दुसरं काहीही नको होतं.

लागून म्हणजे किती

"लागून" या शब्दाचा मामांचा अर्थ आणि माझा अर्थ वेगळा निघाला. विरारला पूर्वेला उतरलो तेव्हा नव्या इमारती, त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली दुकानांच्या रांगा, हे सगळं बघून मला बरं वाटलं होतं. मग एसटीत बसलो. पाव तासात इमारती संपल्या. अर्ध्या तासानं कंडक्टर म्हणाला, "फाट्याला उतर, पुढं चाल." किती चाल, ते बोलला नाही. दोन किलोमीटर चाललो. दोन्ही बाजूंना भाताची कोरडी खाचरं, मधे मधे जाळून काळे केलेले तुकडे. मला वाटलं आग लागून गेली. नंतर कळलं की भाताचं बी टाकायच्या जागी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. आमच्याकडं जमीन आपोआपच भाजते, जाळावी लागत नाही.

चाळीस घरं, एक देऊळ, दोन खोल्यांची शाळा, दोन दुकानं. वीज सकाळी दहाला जाई ती चारला येई. आमच्या गावापासून तालुका लांब, तरी आमच्याकडं नऊपर्यंत पेपर येतो. इथून पेपर छापतात ते शहर दीड-दोन तासांवर, आणि पेपर यायचा तो दत्तूला आठवण राहिली तर, संध्याकाळी.

दत्तू म्हणजे घरमालकांचा मुलगा. सातिवलीला एका गोडाऊनमध्ये कामाला होता. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. घरमालक हिराजीतात्या शेती करत. मामांची खोली त्यांच्या ओटीच्या टोकाला. मामांनी मला किल्ली दिली, तात्यांना म्हणाले, "माझा भाचा. याचं महत्त्वाचं पत्र यायचंय, पोस्टमन शाळा बंद असली की तुमच्याकडं देतो, तेवढं बघा." आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीसाठी आमच्याच बाजूला निघून गेले.

जाताना एक गोष्ट सांगायला विसरले. त्या घरात आठवड्यानं तात्यांच्या मुलीचं लग्न होतं.

ओटीवर

माझा बेत असा होता की शांत खोलीत बसून मुलाखतीची तयारी करायची. पहिल्याच सकाळी ओटीसमोर खड्डे खणायला लागले. मांडवाचे बांबू आणि माडाच्या विणलेल्या पानांच्या झापा येऊन पडल्या. मी पुस्तक घेऊन आत बसलो, तर तात्यांची बायको, जिला सगळे काकी म्हणत, दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजींचा भाचा ना तू? मंग अक्षर चांगला आसल."

मी हो म्हणालो ही माझी चूक. लग्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढं आला. तात्या पानाला चुना लावत एकेक नाव सांगू लागले, मी पाकिटांवर लिहू लागलो.

"लिही, रामाशेट, सहकुटुंब. आता त्याच्या भावाचा वेगला लिही."

"एकाच घरात दोन कशाला?"

"घर एक, चुली दोन. सात वर्सं बोलत नाय येकमेकांशी."

"मग मांडवात लांब लांब बसवा त्यांना."

"लांब का? जवलच बसवनार. मटनाचा टोप येकच ठेवायचा दोगांत. कवातरी बोलावाच लागल."

तीन दिवस मी पाकिटं लिहीत होतो. आमच्याकडं लग्न म्हणजे दुपारी अक्षता, जेवण, संध्याकाळी मांडव रिकामा. इथं आठवडाभर अख्खं गाव त्या घरात. कुणीही कुणाच्याही घरातली पाटी, टोप, सतरंजी उचलून आणायचं. माझ्या मामांच्या खोलीतली बादली दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी चटई. विचारलं तर काकी म्हणाली, "हाय ना मांडवात. तू पन बस तितंच."

जेवणाचं सांगायचं तर तांदळाची भाकरी मला आवडली. मऊ, पांढरी, घडी घालता येणारी. पण तिच्याबरोबर सकाळ-संध्याकाळ सुकी मासळी. आम्ही मटण खातो, पण जवळ्याचा वास माझ्या नाकाला नवीन होता. मी श्वास धरून गिळायचो. काकीला वाटायचं मला घाईघाईनं खावंसं वाटतंय. ती आणखी वाढायची.

आणि दिवसभर एकच प्रश्न. विहिरीवर, दुकानात, देवळापाशी, अनोळखी म्हाताऱ्यांपासून सगळे विचारायचे: "पत्र आयला काय?" मला कुणाची ओळख नव्हती, पण माझ्या पत्राची सगळ्या गावाला होती. नाही म्हणालो की मान हलवून "येईल, येईल" म्हणायचे, आणि तासाभरानं पुन्हा विचारायचे. पाचव्या दिवशी मला वाटायला लागलं की कपाळावरच लिहून घ्यावं.

विरारला फोन

शुक्रवारी माझा धीर सुटला. गावातल्या दुकानात फोन होता, पण महिनाभर मुका. सकाळच्या एसटीनं काही न खाता विरारला गेलो आणि बूथवरून कॉलेजला फोन लावला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "पत्रं सोमवारीच टाकलीत."

"मुलाखत कधी आहे?"

"पत्रात आहे."

"माझं पत्र अजून आलं नाही. फोनवर सांगता का?"

"प्रत्येकाला फोनवर सांगत बसले तर इथलं काम कोण करणार? आणि पत्र बरोबर आणायचं. पत्राशिवाय मुलाखतीला घेत नाहीत." फोन ठेवला.

म्हणजे पत्र वाटेत होतं. कदाचित येऊनही पडलं असेल. फाट्यापासून मी जवळजवळ पळतच आलो. मांडवात बायका तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यात सोनूबाय बसली होती. ही धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. या लोकांत लग्नाचे विधी तिच्या गाण्याशिवाय पुढं सरकत नाहीत, भटजीसुद्धा तिचं गाणं संपेपर्यंत थांबतात.

मी विचारलं, "पत्र आलं का?"

काकीनं तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मांडवाच्या खांबाकडं पाहिलं.

"नाय," ते म्हणाले. "हात-पाय धू. जेवून घे."

त्या क्षणापासून गावात कुणीही मला पत्राबद्दल विचारलं नाही. दिवसातून पंधरा वेळा विचारणारी माणसं एकदम गप्प झाली. दुकानात माझी चेष्टा करणारे बाजूला सरकून मला बसायला जागा देऊ लागले. मी पत्रिकांचं उरलेलं काम मागितलं तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आराम कर." माझी चटई परत आली. बादली धुऊन परत आली.

मी याचा अर्थ असा लावला की माझी निवड होणार नाही हे या लोकांनी ठरवून टाकलं आहे आणि आता मला दया दाखवताहेत. मला संताप आला. ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्यांनी माझी कीव करावी, असं काहीतरी मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

पोस्टमन आणि ताडगोळे

शनिवारी मी ठरवलं की पुढच्या मोठ्या गावात पोस्ट आहे, तिथंच जाऊन विचारायचं. चप्पल घालतो तोच दत्तू उठला.

"मी पण येतो. कामावर सुट्टी टाकलीय लग्नाची. टेन्शन कशाला घेतो यार, चल."

अर्ध्या वाटेवर पोस्टमनच सायकलवरून समोर आला. मला पाहून तो सायकलवरून उतरला. पोस्टमन असं कधी उतरताना मी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं. त्यानं दत्तूकडं पाहिलं.

"माज्याजवल आता काय नाय," तो म्हणाला. मग थोडा वेळ हँडलशी चाळा करत राहिला. "तुमचा गाव लई लांब, नाय का?"

"हो. रात्रभराचा प्रवास आहे. का?"

"नाय, आसाच." तो चालत चालत सायकल घेऊन गेला.

पुढं पोस्टात जाऊच म्हणालो तर दत्तू म्हणाला, शनिवारी लवकर बंद होतं, त्यापेक्षा ताडगोळे खाऊ. एका ओळखीच्या माणसाला त्यानं ताडावर चढवलं. अर्धपारदर्शक, थंड, पाण्यानं भरलेला तो गर मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला आणि तो चांगला होता, हे मला मान्य करावं लागेल. पण पत्राची वाट बघणाऱ्या माणसाला बारा ताडगोळे खायला लावणं हा छळ आहे. नको म्हणालो तर दत्तू म्हणे, "खा रे. मिळतंय तोवर खा." पोस्ट त्या दिवशी राहिलंच. रविवारी तर बंदच.

हळद

रविवारी हळद. आमच्याकडं हळद लागते ती पाच-सात बायकांच्या हातून, अर्ध्या तासात. इथं हळद म्हणजे लग्नाहून मोठी. तीन गावं जेवायला. तांदळाच्या पिठाचे वडे पहाटेपासून तळले जात होते, मटणाचे टोप दगडांच्या चुलींवर. रामाशेट आणि त्यांचा भाऊ खरोखरच एका टोपाशी बसवले होते. ते बोलले नाहीत, पण भावानं रामाशेटच्या पानात रस्सा वाढला.

माझ्याशेजारी सोनूबाय येऊन बसली. गाऊन तिचा आवाज बसला होता. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चौकशी सुरू केली.

"बापूस काय करतो?"

"शेती."

"परकृती बरी हाय ना त्याची? खोकला, दम, आसला काय?"

"बरी आहे."

"आयस?"

"बरी आहे."

"घरात म्हातारा कोन?"

"आजी आहे. ऐंशीच्या पुढं."

"हां," ती म्हणाली आणि मागं बसलेल्या बायकांकडं वळली. "आजी हाय त्याची. ऐंशीची." बायकांनी मान डोलावली. एकीनं सुस्कारा सोडला. काकी म्हणाली, "मंग बरा," आणि माझ्या पानात आणखी चार वडे टाकले. मी नको नको म्हणत होतो, ती उभी राहून मला खाताना बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी जाणार म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

सोमवारी लग्न लागलं. मंगळवारी मी पुन्हा पोस्टाकडं निघालो, पण मुलीच्या सासरी जाणाऱ्या माणसांत मला जबरदस्तीनं टेम्पोत बसवलं. दिवस गेला. पाहुण्याच्या घरी मला मधोमध बसवून पुन्हा खायला घातलं. मी कुणाशी धड बोललो नाही.

बुधवार

बुधवारी सकाळी मांडव उतरवला. झापा काढल्या, बांबू उपटले. ओटीवर एकदम ऊन आलं. मी पोस्टात जायला निघालो होतो. तात्या आंघोळ करून आले, म्हणाले, "बस जरा." दत्तू कपडे करून, पिशवी भरून तयार. पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या दिसत होत्या. सोनूबाय, काकी आणि शेजारच्या दोघी भिंतीला टेकून बसल्या.

"पोरा," तात्या म्हणाले, "मन घट्ट कर."

ते गोठ्यात गेले. कौलाखालच्या वाशात खोचलेलं एक खाकी पाकीट काढून आणलं आणि माझ्या हातात न देता माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. पाकिटाचा वरचा उजवा कोपरा फाटलेला होता.

हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्याकडंही तसंच आहे. कुणी वारलं की नातेवाइकांना पत्र जातं त्याचा कोपरा फाडलेला असतो. ते पत्र घरात नेत नाहीत; अंगणात उभ्यानं वाचतात आणि फाडून टाकतात.

"कोण?" मी विचारलं.

"आमाला काय ठाव. आमी फोडला नाय. तुज्या नावाचा हाय. शुक्रवारी आयला, तू विरारला गेल्ता तवा."

मला वडील दिसले, विहिरीच्या कडेला वाकलेले. आई दिसली. आजीचा विचार आलाच नाही, याचं नंतर वाईट वाटलं. पाकीट उचलताना ते दोनदा पडलं. मुलाखत, कोर्स, कारखाना, यातलं काही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. मग पत्त्याकडं लक्ष गेलं. पत्ता टंकलेला होता. आमच्या गावात टाइपरायटर नाही. डाव्या बाजूला कॉलेजचा पुसट शिक्का होता.

दत्तूनं ते माझ्या हातातून घेऊन फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. मुलाखत मंगळवारी, वीस मे, सकाळी अकरा वाजता. सोबत हे पत्र आणावे.

मंगळवार काल होता.

"मेला कोन?" काकीनं विचारलं.

"कोनी नाय," दत्तू म्हणाला. "मुलाखतीचा कागद हाय."

"कोनीच नाय?"

"नाय गो आये."

काकी तोंडाला पदर लावून रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. शेजारच्या दोघी हसायला लागल्या. सोनूबाय म्हणाली, "मी म्हनलंवता, म्हातारीच आसल. बग, ती पन धडधाकट." तात्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. कोपरा बहुधा सायकलच्या कॅरिअरला अडकून फाटला असेल. फाटका कोपरा दिसल्यावर शिक्का कुणी वाचलाच नाही; पोस्टमनलाही वाटलं मयताचं आहे, म्हणून त्यानं ते हळूच तात्यांच्या हाती दिलं होतं. सगळं घर आनंदात होतं. मधे मी उभा होतो, कालच्या मुलाखतीचं पत्र हातात घेऊन.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पाच दिवस पत्र लपवलंत, माझं वर्ष घालवलंत, एकदा फोडून बघायचं तरी, असं बोललो. शेवटी म्हणालो, "तुम्ही सगळे अडाणी आहात."

हा शब्द आमच्या वडिलांना बँकेत, कचेरीत, माझ्यादेखत ऐकवलेला आहे. तो माझ्या तोंडून इतक्या सहज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

काकीनं डोळे पुसले. "हाव, अडानीच," ती म्हणाली. "म्हनून तं तुज्याकरून पत्रिका लिवून घेतल्या." मग सावकाश सांगू लागली. "शुक्रवारी तू उपाशी गेल्ता. तवाच सांगितला असता तं तू जेवला नसता. रातभराचा परवास येकटा रडत केला असता. बरोबर धाडायला घरात मानूस रिकामा नाय, लगीन पुढ्यात. म्हनला, मांडव उतरू दे. तवर पोर पोटभर खाऊ दे. मंग दत्तू जाईल त्याच्यासंगं, पार घरापरत."

तेव्हा मला त्या भाकऱ्यांचा अर्थ कळला. माझा राग कमी झाला नाही. पण त्याला उभं राहायला जागा उरली नाही, आणि त्यामुळे मी जास्तच वैतागलो.

मुंबई

तात्या म्हणाले, "चल. मी सांगतो तुज्या सायबाला." नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. लग्नातला नवा पांढरा सदरा घालून ते निघाले. कानामागं हळद अजून होती. दत्तूही आला.

ऑफिसातल्या त्याच बाई. आवाज मी लगेच ओळखला. म्हणाल्या, मुलाखती झाल्या, आता काही होणार नाही. हवं तर गैरहजेरीचं कारण लिहून अर्ज द्या. मी कागद घेतला आणि अडकलो. आजारी होतो म्हणून लिही, असं दत्तू म्हणाला. मला ते जमलं नाही. जे झालं तेच लिहिलं, एक पान भरलं. बाईंनी वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तात्यांच्या कानामागच्या हळदीकडं पाहिलं आणि कागद घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं आम्हाला तिघांनाही आत बोलावलं.

विभागाचे प्रमुख वयस्कर होते. त्यांनी तात्यांना विचारलं, "पत्र फोडून का नाही पाहिलंत?"

"दुसऱ्याच्या नावाचा कागद कसा फोडू, सायेब?" तात्या म्हणाले. "चूक आमची झाली. पन याची काय नाय. शिक्षा याला नको."

सर माझ्याकडं वळले आणि पाच-सहा प्रश्न विचारले. तुमच्या शाळेत ग्रंथालय होतं का? मी म्हणालो, एक कपाट होतं, काचेचं. पुस्तकांची नावं बाहेरून वाचता यायची, पण किल्ली हरवलेली होती. मग ग्रंथपाल कशाला व्हायचंय? मी म्हणालो, किल्ली जपून ठेवीन. हे उत्तर बरं होतं का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. सर म्हणाले, "यादी तीस तारखेला बोर्डावर लागेल. पत्रं पाठवत नाही आम्ही यादीची."

मला एक तारखेला कारखान्याच्या गेटवर असायचं होतं. दत्तू म्हणाला, "यादी मी बघतो, फोन करून सांगतो. नंबर दे आणि तू जा."

परत गावात येऊन पिशवी भरली. काकीची माफी मागायची होती. दोनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि परत फिरलो. मांडवाचे बांबू ज्याच्या त्याच्या घरी परत द्यायचे होते. ते खांद्यावर घेऊन अंधार पडेपर्यंत पोचवत राहिलो. कुठला बांबू कुणाचा हे काकी ओटीवरून ओरडून सांगत होती, आणि मी प्रत्येक वेळी चुकीच्या घरी नेत होतो.

घरी

तीस तारीख गेली. फोन आला नाही. एकतीस गेली. एक जूनला मी गेटवर उभा राहिलो आणि मला नोंदवही मिळाली. संध्याकाळी माझ्या सायकलला वडिलांनी स्वतः तेल घातलं. रोज घरी आल्यावर मी हे थोडं थोडं लिहीत होतो, आणि शेवट काय करायचा ते कळत नव्हतं.

काल संध्याकाळी दूध डेअरीतून निरोप आला की विरारहून फोन आहे, पाच मिनिटांनी परत करणार आहेत. वडील दूध घालायला तिथंच उभे होते. घंटी वाजली. मी फोन कानाला लावला. दत्तूनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"अकरावं नाव तुझं आहे. आजच लागली यादी, चार वेळा जाऊन आलो मी. नऊ तारखेच्या आत येऊन नाव पक्कं करायचं. तुला पत्र पण टाकलंय मी, ते येईल तेव्हा येईल. त्याची वाट बघू नकोस. निघ."